तव्याची सुट्टी

हमीदाबी आधी तवा हुंगायची आणि मग तो आणणाऱ्या बाईकडे पाहायची. बाई रोजच्या ओळखीची असली तरी क्रम हाच. तवा नाकाजवळ धरून ती डोळे मिटायची, एक लांब श्वास घ्यायची आणि कुणी न विचारलेलं सांगून मोकळी व्हायची. माझ्या सासूबाईंची बिडाची कढई मी पहिल्यांदा तिच्याकडे नेली, तेव्हा तिनं सांगितलं की हिच्यात लाह्या फोडत होते आणि शेवटी शेवटी कुणीतरी दूध जाळलं. लाह्यांचं खरं होतं. दूध माझ्या नणंदेनं जाळलं होतं आणि ते तोवर घरात कुणालाच माहीत नव्हतं.

या नाकाचा तिला ताठा होता. अभिमान वगैरे नव्हे, ताठाच. गल्लीत कुठंही फोडणी करपली की ती दारात उभी राहून त्या घराकडे पाहायची, आणि त्या घरची बाई आतल्या आत चडफडायची. बुटकी, रुंद, ओढणी कमरेला खोचलेली, भुवया कायम होरपळलेल्या. उजव्या हातात चांदीची जाड अंगठी. ती दागिना म्हणून नव्हती. भांड्यावर वाजवायला होती. आवाज टणटणीत आला तर भांडं ठेवायचं, बद्द आला तर कुठंतरी चीर आहे असं समजून बाजूला टाकायचं.

अकोल्याच्या जुन्या शहरात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिच्या नवऱ्याचं, रऊफभाईंचं भंगाराचं दुकान होतं. मागच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली हमीदाबीचा कारखाना. कारखाना हा तिचाच शब्द. त्यात एक खड्डा, गोवऱ्यांची चळत, विटेचा चुरा, चिंच, नारळाच्या शेंड्या आणि बसायला एक पाट, एवढीच यंत्रसामग्री. मी समोरच राहायची आणि शाळेत शिकवायची, म्हणून ती मला मास्तरीणबाई म्हणायची. शाळा सुटल्यावर मी तिच्याकडे जाऊन बसत असे. तिला त्याचं फार कौतुक होतं असं नाही. बसायला दुसरा पाट तिनं कधी आणला नाही.

ती वर्षं आमच्या भागाला चांगली नव्हती. वऱ्हाडाचं नाव पेपरात रोज येई आणि ज्यासाठी येई ते कुणी घरात मोठ्यानं वाचत नसे. खेड्यांतली घरं आवरली जात होती. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोटकडून भंगाराचे टेम्पो येत. त्यात मोडकी वखरं, तिफणी, गंजलेले पंप आणि सगळ्यांच्या बुडाशी बिडाची भांडी. बीड जड. शहरातल्या एका खोलीत ते घेऊन कोण जाणार? तिथं गॅस असतो आणि गॅसवर नॉनस्टिक. रऊफभाई बीड हातोड्यानं फोडून ओतकामाच्या कारखान्याला पाठवीत. हातोडा पडायच्या आत हमीदाबी ढिगात शिरायची आणि तवे, कढया, आप्पेपात्रं ओढून काढायची. नवराबायकोचं भांडण व्हायचं ते एवढ्यावरूनच.

एकदा टेम्पोवाला सांगू लागला, ही कढई कोणत्या गावची, कोणाच्या घरची आणि त्या घरात काय झालं. हमीदाबीनं हात वर करून त्याला थांबवलं. "भांड्याले गाव इचारू नाई," म्हणाली, आणि त्या दिवशी ती कढई तिनं सगळ्यात आधी विस्तवात घातली. मला वाटतं, तिला ते ऐकवत नसे.

तिची पद्धत सांगायला सोपी आहे. भांडं गोवऱ्यांच्या मंद विस्तवात पालथं घालायचं, जुनी खरपुडी जळून राख होईपर्यंत. विस्तव भडकला की बीड तडकतं, म्हणून तिथून उठायचं नाही. मग ते आपोआप निवू द्यायचं. मग चिंच, विटेचा चुरा आणि शेंडी घेऊन घासायचं, करडं लोखंड दिसेपर्यंत. धुतलं की लगेच चुलीवर वाळवायचं, नाहीतर डोळ्यांदेखत गंज चढतो. त्यानंतर तेलाचा हात. फडक्यानं तेल लावायचं आणि दुसऱ्या फडक्यानं असं पुसायचं की जणू चुकून लागलं होतं. पुन्हा विस्तवावर, धूर थांबेपर्यंत. पुन्हा हात. असे हातावर हात देत गेलं की भांड्याला काळा, सुका, गुळगुळीत थर धरतो. एखादी बाई तेल जास्त लावा म्हणाली की हमीदाबी तिच्याकडे दयेनं पाहायची. "घाई असन त इस्टीलचा घे," हे तिचं ठरलेलं वाक्य. साबणाचं नाव काढलं तर तेवढी दयाही नाही.

हे तेल म्हणजे जवसाचं. शेंगदाण्याचं लावलं तर थर नरम राहतो, सोयाबीनचं चिकटतं. जवसाचं तेवढं वाळून कडक होतं. पण तिच्याकडे डबे दोन होते. एकात जवसाचं तेल, दुसऱ्यात बकऱ्याची वितळवलेली चरबी. बिर्याणीवाले, सीखकबाबवाले आणि तिचे स्वतःचे नातेवाईक यांना चरबीवर मुरवलेलं भांडं लागे. मारवाडी घरं, माळकरी घरं यांना जवसाचं. फडकी वेगळी, विस्तव वेगळा, पाट मात्र तोच. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या बायका तिच्याकडून तवा नेत आणि त्यावर देवाचा नैवेद्य करत, ते केवळ तिच्या शब्दावर. हमीदाबीनं जवसाचा म्हटला की जवसाचा. त्या शब्दाशिवाय तिच्या कारखान्यात दुसरं काही मोलाचं नव्हतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

डबे मात्र अगदी सारखे. एका मापाचे, एकाच दुकानातले. झाकणांवर काही खूण कर, असं मी एकदा सुचवलं. ती दुखावली. "मंग नाक कायले देलं देवानं?" असं म्हणून तिनं मला त्या दिवशी चहा विचारला नाही.

दिलेलं भांडं ती आपलंच समजायची. माझी नणंद बडनेऱ्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहते. तिनं हमीदाबीकडून एक कढई नेली होती. पुढं भाचीच्या लग्नासाठी हमीदाबी बडनेऱ्याला गेली आणि आठवण ठेवून नणंदेच्या घरी डोकावली. कढईत आदल्या दिवशीची चिंचेची आमटी होती. हमीदाबीनं चहा घेतला, चहाची तारीफ केली, मुलांच्या अभ्यासाची चौकशी केली, आणि नणंद पाणी भरायला मागं गेली तेवढ्यात आमटी पातेल्यात ओतून कढई बुरख्याखाली घेऊन निघून आली. नणंदेनं मला फोन करून चोर कुठली म्हणून ऐकवलं. काही दिवसांनी एका गँगमनच्या हाती कढई परत गेली, नव्यानं मुरवलेली. सोबत निरोप होता, आंबट काचेत ठेव. नणंद अजून त्या कढईत आंबट करत नाही. हमीदाबीचं नाव काढलं तर मात्र अजून चिडते.

आमच्यात नागपंचमीला तवा चुलीवर चढत नाही. चिरायचं नाही, तळायचं नाही, भाजायचं नाही. डाळीचे फुणके वाफवायचे आणि कढीशी खायचे. हमीदाबीला हा सण आमच्यापेक्षा जास्त लक्षात असे. तुमच्या तव्याला सुट्टी आणि मला काम, असं ती म्हणायची. पंचमीच्या आदल्या संध्याकाळी स्वयंपाक आटोपला की गल्लीतल्या बायका आपापले तवे तिच्या छपराखाली आणून ठेवत. रात्रभर आणि दुसरा दिवसभर ती त्यांना तेलाचे हात देई. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तवे घरोघरी परत. हे कधी सुरू झालं, कुणालाच नीट सांगता येत नसे. नागोबाच्या सणाला मुसलमानाच्या अंगणात हिंदूंचे तवे मुक्कामाला, याचं नवल बाहेरच्यांना वाटे. आम्हाला ते नवल आहे हेच माहीत नव्हतं.

आता शारदाबाईंचं सांगायला हवं. त्या आमच्या गल्लीतल्या माळकरीण. शेत दर्यापूरकडे. मुलांच्या शाळेसाठी त्या इथं राहत आणि नवरा शेत ते अकोला येजा करी. बोलणं मोजकं, स्वभाव करारी. सासू गेल्यावर सासूची धिरड्यांची तवी शेतातल्या गुरांच्या कोठ्यात सापडली, गंजून विटेसारखी झालेली. सासूच्या तिथीला तिच्याच तवीवरचं धिरडं नैवेद्याला ठेवायचं, असं शारदाबाईंच्या मनात आलं. त्यांनी ती हमीदाबीकडे दिली आणि घरचं काही सहसा न सांगणाऱ्या त्या बाईनं एवढंच सांगितलं, की मला स्वयंपाक आईनं नाही, सासूनं शिकवला.

पण तोवर जवसच मिळेनासं झालं होतं. पूर्वी हरभऱ्याच्या कडेनं चार ओळी जवस प्रत्येकाच्या शेतात असे, निदान घरच्या चटणीपुरता. मग सगळीकडे सोयाबीन आणि कपाशी झाली, जवस धुऱ्यावर, म्हणजे बांधावर गेला आणि धुऱ्यावरूनही गेला. ज्या घाणीवरून हमीदाबी तेल आणायची ती घाणी बंद पडली. डब्याच्या तळाशी थोडं तेल उरलं होतं. ते तिनं शारदाबाईंच्या तवीसाठी राखून ठेवलं. मारवाडी गल्लीतली कामं तिनं परत पाठवली, पण त्या तेलाला हात लावला नाही.

त्या वर्षी होळीनंतर गल्लीत सांधे धरणारा ताप आला. हमीदाबी अंथरुणाला खिळली. उठली तेव्हा काठी टेकत होती. भांडी ती आधीसारखीच नाकाशी धरायची, डोळे मिटायची, पण काही सांगायची नाही. आम्हाला वाटलं, थकली असेल. वैशाखात तिनं शारदाबाईंची तवी करून दिली. तवी देखणी झाली होती. धिरडं जाळीदार पडायचं आणि कड उचलली की आपण होऊन सुटायचं. ज्येष्ठात सासूच्या तिथीला शारदाबाईंनी नैवेद्य केला आणि आम्हाला जेवायला बोलावलं. शारदाबाईंना मी तेवढं हसताना आधी पाहिलं नव्हतं.

पंचमीच्या आदल्या संध्याकाळी मी माझा तवा ठेवायला गेले तेव्हा हवा पावसानं गार झाली होती. हमीदाबीनं त्या वर्षी शेजाऱ्यांच्या तव्यांसाठी कुठून तरी करडईचं तेल मिळवलं होतं. ते जवसाच्या डब्यात ओतावं म्हणून तिनं तो डबा उघडला आणि तशीच बसून राहिली. आत पांढरं गोठलेलं होतं. जवसाचं तेल गोठत नाही. तिनं त्यात बोट घातलं. मग दुसरा डबा उघडला. त्यात तळाशी पिवळं, पातळ तेल होतं. अकोल्याच्या उन्हाळ्यात विस्तवाशेजारी चरबीही पातळ, पिवळीच असते. दोघांत फरक वासाचाच. तिनं दोन्ही डबे आळीपाळीनं नाकाशी धरले, पुन्हा धरले, आणि डोळे उघडून मला म्हणाली, "मले वासच येत नाई, मास्तरीणबाई. तापापासून."

शारदाबाईंसाठी राखलेलं जवस एका बिर्याणीवाल्याच्या देगेला लागलं होतं आणि शारदाबाईंच्या तवीवर चरबी.

रऊफभाईंनी तिला समजावलं. तवी इतकी तापते, आता तिच्यात उरलंय काय. कुणाला कळणार नाही. सांगितलंस तर शारदाचा धर्म दुखेल आणि आपला धंदा बसेल, मग सांगून भलं कोणाचं? मला त्यांचं पटलं होतं आणि मी तसं म्हटलंही. हमीदाबीनं आम्हा दोघांचं ऐकून घेतलं. ती घाबरलेली होती, हे स्पष्ट दिसत होतं. त्या बाईला घाबरलेलं पाहून मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शारदाबाईंच्या दारात गेली. मला सोबत चल म्हणाली, म्हणून मी गेले. भिंतीवर नागोबा काढलेले होते, आत फुणके वाफवत होते, तवी खिळ्याला टांगलेली होती. हमीदाबी उंबऱ्याबाहेरच थांबली.

"शारदा, तुह्या तवीले चरबी लागली हाये. बकऱ्याची. माह्या हातानं."

शारदाबाईंचा हात गळ्याकडे गेला. "कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून."

"बाकीच्याइच्या तव्याले?"

"नाई. तुह्या एकटीच्या." मग म्हणाली, "आज तसाबी तवा चढत नाई तुमच्यात, म्हून आजच आली. उद्या सकाळी तू धिरडं टाकलं असतं."

शारदाबाईंनी फडक्यानं धरून तवी खिळ्यावरून काढली आणि बाहेर ओट्यावर ठेवली. आत जाऊन गळ्यातली माळ काढून देवापुढं ठेवली. परत येऊन म्हणाल्या, "जा चाची." दार त्यांनी हळूच लावलं, आपटलं नाही.

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बायका आपापले तवे उचलून घेऊन गेल्या. कुणी वाईट बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मारवाडी गल्लीतून जुनी भांडी परत आली, काही दारात तशीच ठेवून माणसं निघून गेली. हमीदाबीनं सगळी आत घेतली आणि कुणालाही खुलासा दिला नाही. एक बिर्याणीवाला तेवढा खूश होता. त्याच्या देगेला इतका छान थर कधी बसला नव्हता, हे तो मुद्दाम सांगायला आला आणि रऊफभाईंनी त्याला हाताला धरून रस्त्यापर्यंत पोचवला.

शारदाबाईंची तवी ओट्यावर पावसात पडून राहिली. त्यांनी ती टाकली नाही, भंगारात दिली नाही, आत घेतली नाही. दिवाळीपर्यंत तिच्यावर पुन्हा तांबूस गंज चढला. हमीदाबीला दळण आणायला त्याच ओट्यावरून जावं लागे. ती मान वळवून जात नसे. तवीकडे नीट पाहून जायची, आणि ते पाहणं मला पाहवत नसे. कार्तिकात शारदाबाई गावी जाऊन महाराजांच्या हातून पुन्हा माळ घालून आल्या. हमीदाबीशी मात्र बोलल्या नाहीत.

पौषात मी काही कामानं दर्यापूरला चालले होते. बसच्या खिडकीतून एका हरभऱ्याच्या कडेनं निळ्या फुलांची लांब पट्टी दिसली. जवस. कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. शेत कुणाचं ते मला माहीत होतं. अकोल्याला आल्यावर मी शारदाबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, नवऱ्याच्या मागं लागून पेरून घेतला. चटणीसाठी का, तर नाही म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं, "तवी कराची हाये न. अन् कोनाकडं जाऊ मी? जिनं सोताहून सांगलं तिच्याकडंच जाईन." एवढं बोलून त्या शेंगा निवडू लागल्या.

उन्हाळ्यात माझी अमरावतीला बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढत होतं, म्हणून निरोप घ्यायला मी हमीदाबीच्या मागच्या अंगणात गेले. भर दुपारी विस्तव पेटलेला होता. पाटाशेजारी दुसरा पाट आला होता आणि त्यावर शारदाबाई पदर डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. समोर विस्तवावर त्यांची तवी, घासून करडी झालेली. बाजूला दोन डबे, तसेच सारखे, झाकणांवर काही खूण नसलेले. तेवढा ताठा अजून शिल्लक होता. मी आले आहे हे दोघींना कळलं, पण विस्तव सोडून उठणार कोण?

हमीदाबीनं फडकं हातात घेतलं. डबा उघडला. फडकं बुडवायच्या आधी तिनं तो उचलून शारदाबाईंच्या नाकाशी धरला. शारदाबाईंनी डोळे मिटले आणि एक लांब श्वास घेतला.

"जवस हाये, चाची. लाव."

हमीदाबीनं तेलाचा हात दिला, पुसला, तवी विस्तवावर ठेवली. धूर थांबला, तसा दुसऱ्या हातासाठी तिनं डबा पुन्हा उचलला आणि पुन्हा शारदाबाईंपुढं धरला.